नारदाच्या गादीवर श्रीस्थानक : ठाण्यातल्या एका चैत्री उत्सवाचे प्रकरण

ठाण्याच्या जुन्या वस्तीत, खारकर आळी, चरई, जांभळी नाका या पट्ट्यात, घरांच्या ओळीत मिसळून गेलेली लहान देवळे आहेत. रस्त्यावरून दोन पायऱ्या आणि घंटा एवढेच दिसते. आत गेल्यावर लाकडी खांबांचा सभामंडप लागतो. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका राममंदिराचे आहे. अशा बऱ्याच देवळांची अडचण हीच असल्यामुळे नाव दिलेले नाही.

देवळात चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून रामाचे नवरात्र बसते. रोज संध्याकाळी साडेसहाला नारदीय कीर्तन, आणि नवमीला दुपारी बाराला जन्माचे कीर्तन, पाळणा, सुंठवडा. नवमीला दुपारी मंडपात पाय ठेवायला जागा नसते. उरलेल्या आठ संध्याकाळी मात्र चार सतरंज्या अंथरल्या तर अडीच भरत. बसणारी माणसे वर्षानुवर्षे तीच, आणि त्यांतले एखादे दरवर्षी कमी होई. विश्वस्तांनी दोन वर्षे पंचमीच्या दिवशी कीर्तनाऐवजी भावगीतांचा वाद्यवृंद आणून पाहिला. मंडप भरला, गाणी संपली, लोक घरी गेले. षष्ठीला सतरंज्या पुन्हा अडीच. त्या एका रात्रीचा खर्च बाकीच्या सगळ्या कीर्तनांच्या बिदागीपेक्षा जास्त झाला. तिसऱ्या वर्षी कीर्तनच बंद करून नुसती आरती ठेवावी, असा ठराव पुढे आला आणि तिथून हे प्रकरण सुरू झाले.

‘लोकांना कीर्तन आवडत नाही’ हे विश्वस्तांचे निदान होते आणि ते चुकीचे होते. संध्याकाळी साडेसहाला ठाण्यात घरी असतो कोण? नोकरदार माणूस साडेसातच्या पुढे स्टेशनाबाहेर पडतो आणि घोडबंदर रस्त्याच्या बसला रांग लावतो. दुसरे कारण जास्त खोलवरचे. ठाण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत राहायला आलेल्या माणसाला ‘तलावांचे शहर’ आणि ‘पहिली आगगाडी’ यांपलीकडे शहराबद्दल काही सांगितलेच गेलेले नाही. देवळातले कीर्तनही त्याला अयोध्या, लंका, पंढरपूर, देहू सांगते. जिथे तो उभा आहे ती जागा त्यात कधी येत नाही.

यावर निघालेला तोडगा साधा होता. नऊ दिवसांपैकी तीन दिवस आख्यान ठाण्याचे घ्यायचे. कीर्तन तेच, गादी तीच, देव तोच. फक्त उत्तररंगात कथा याच गावातली, देवळापासून चालत जाता येईल अशा जागेवर घडलेली.

कीर्तनच का

व्याख्यान ठेवता आले असते, चित्रप्रदर्शन लावता आले असते. पण श्रद्धा, कला आणि इतिहास यांना एकत्र बसवण्याची जागा नारदीय कीर्तनाच्या रचनेतच आहे, ती नव्याने शोधावी लागत नाही. नमन झाले की पूर्वरंग. त्यात संतांचा एक अभंग घेऊन निरूपण. मध्यंतरात नामगजर, बुवांना हार आणि श्रोत्यांना बुक्का. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान: पूर्वरंगात मांडलेले तत्त्व एखाद्या कथेतून दाखवून द्यायचे. शेवटी भैरवी, आरती आणि प्रसाद. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात आणि सारा भर एका अभंगाच्या विवरणावर असतो. स्वतंत्र आख्यानाला तिथे अशी नेमलेली जागा नाही. म्हणून या कामाला नारदीय पद्धतच सोयीची. उत्तररंगात पुराणाऐवजी इतिहास घेण्याची वाटही नवी नाही. टिळकांच्या काळात डॉ. दत्तोपंत पटवर्धन यांनी राष्ट्रीय कीर्तन रुजवले ते याच जागेचा उपयोग करून.

इथे एक अट सुरुवातीलाच घातली गेली, आणि तीमुळेच पुढचे काम टिकले. नवमीच्या जन्माच्या कीर्तनाला हात लावायचा नाही. ज्यांनी कठीण दिवसांत देऊळ चालवले त्यांचा तो दिवस आहे. नवा प्रयोग तृतीया, षष्ठी आणि अष्टमी या तीन दिवशी, रात्री आठला. बाकीची कीर्तने पूर्वीसारखीच साडेसहाला. वयस्कर श्रोत्यांना रात्रीचे जिने नको असतात. सगळे कार्यक्रम आठला नेले असते तर नवे येण्याआधी जुने गेले असते.

तीन आख्याने

पहिली यादी अकरा विषयांची होती. चाळणी दोन प्रश्नांची लावली. घटनेची जागा आज दाखवता येते का? आणि घटनेतून एखादे तत्त्व आपणहून निघते का, की ते ओढूनताणून चिकटवावे लागते? १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी पहिल्या प्रश्नाला उतरली, दुसऱ्याला नाही. तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे हे सगळे वर्णन रंगते, पण कीर्तनात ते नुसते कौतुक होऊन बसते.

१३२१ मध्ये ठाण्यात ख्रिस्ती साधू थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांचे तीन सोबती मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा साधू त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. ही कथा विलक्षण आहे, पण एका धर्माच्या हुतात्म्यांची कथा दुसऱ्या धर्माच्या देवळात सांगताना तिसऱ्या धर्माचे शेजारी खलनायकाच्या जागी बसतात. ती वगळली. हा निर्णय योग्यच होता; त्या कथेवर पहिला अधिकार ती जपणाऱ्यांचा आहे.

उरली तीन.

तृतीयेला ताम्रपट. ठाण्याच्या किल्ल्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट निघाला. रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. काळ शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा, चंद्रग्रहण. ग्रहणाच्या पर्वावर दिलेले हे जमिनीचे दान. श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे हे त्या लेखातून थेट ऐकू येते. निरूपणाला तुकोबांचा ‘आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने’ हा अभंग घेतला, कारण राज्य गेले, राजधानी बुजली, आणि तांब्यावर कोरलेला शब्द तेवढा राहिला. इथे अभंग आणि आख्यान एकमेकांना हात देतात.

षष्ठीला १७३७. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणे घेतले. पोर्तुगीजांचा किल्ला तेव्हा अजून बांधून पुरा झालेला नव्हता. अभंग ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’.

अष्टमीला राघोजी भांगरे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. सावकारी आणि इंग्रजी अंमल यांच्याविरुद्ध डोंगरात लढले, १८४८ च्या सुरुवातीला पंढरपुरात पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. तो तुरुंग म्हणजेच जुना किल्ला; ताम्रपट निघाला तोही इथेच. पंढरपूर आणि ठाणे एका माणसाच्या आयुष्यात असे जोडले जातात, हे कीर्तनाला आयते मिळालेले दान आहे. अभंग ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’. तिन्हींत हे आख्यान सर्वांत चांगले झाले.

कागद, दगड, ऐकीव

इतिहासाची शिस्त कीर्तनात कशी आणायची, हा खरा कसोटीचा भाग. कीर्तनकाराला रंग भरावा लागतो; संवाद रचावे लागतात; रात्रीचे वर्णन करताना चंद्र होता की नव्हता हे त्याला कोणी विचारत नाही. इतिहास जाणणाऱ्याला प्रत्येक वाक्याला आधार हवा असतो. दोघांना एका टेबलाशी बसवले तर पहिल्या तासात भांडण होते. इथेही झाले. बुवा म्हणाले, “सर, तुमचा कागद खरा आहे, पण त्याला चाल नाही.” सरांचे म्हणणे, चालीसाठी सनावळी बदलता येणार नाही.

वाट निघाली ती एका वहीतून. आख्यानातले प्रत्येक विधान तीनपैकी एका रकान्यात टाकायचे. लेख, दप्तर, छापील नोंद असेल तर ‘कागद’. वास्तू, शिल्प, कोरीव लेख असेल तर ‘दगड’. ताम्रपटही त्यातच धरला. पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते पण पुरावा हाती नाही, ते ‘ऐकीव’. ऐकीव काढून टाकायचे नाही. फक्त बुवांनी गादीवरून ते सांगताना ‘लोक सांगतात’ म्हणायचे, पुरावा असेल तिथे ‘कागद सांगतो’ किंवा ‘दगड सांगतो’. कीर्तनात ‘ऐसे म्हणतात’ हे पालुपद आधीपासूनच असल्यामुळे ते कानाला खटकत नाही. दुसऱ्या कीर्तनापर्यंत मुले स्वतःच पुढून ‘कागद!’ ‘दगड!’ म्हणू लागली. शिवाय रचलेले संवाद कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी बुवा झांजेचा एक ठोका देऊन आवाज बदलतात, म्हणजे ही रचना आहे हे ऐकणाऱ्याला कळते.

या वहीमुळे देवळाच्या निमंत्रणपत्रिकेवरचे एक वाक्यही उतरले. पत्रिकेत कित्येक वर्षे ‘शिलाहारकालीन देवस्थान’ असे छापले जात होते. वहीत टाकायला गेल्यावर त्याला ना कागद निघाला ना दगड. कौपिनेश्वराच्या बाबतीतही हीच काळजी घेतली गेली. तिथली परंपरा शिलाहारांपर्यंत नेली जाते, पण आजचे देऊळ मराठेशाहीतले, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारलेले. दोन्ही गोष्टी सांगायच्या, वेगवेगळ्या सांगायच्या. आपले देऊळ हजार वर्षांचे नाही हे ऐकून काही विश्वस्तांना वाईट वाटले. ते समजण्यासारखे आहे. पण आठवड्याभरात जी गोष्ट कोणीही खोडू शकेल तिच्यावर उत्सव उभा करता येत नाही.

आख्यान बांधणे

दोन तासांच्या आत सगळे बसवायचे तर वेळेचा हिशोब आधी करावा लागतो. इथे तो असा ठरला: नमन आणि पूर्वरंग ४० मिनिटे, मध्यंतर १०, उत्तररंग ४५, भैरवी आणि आरती १०. एकूण १०५ मिनिटे. आठला सुरू करून पावणेदहाला संपवायचे, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही.

उत्तररंगाच्या ४५ मिनिटांत आठ पदे घेतली. सरासरी दोन मिनिटांचे एक पद, म्हणजे १६ मिनिटे गाण्याची; उरली २९. कथनाचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास असतो, म्हणून गद्य २,८०० शब्दांच्या वर जाता कामा नये. पहिला खर्डा ६,००० शब्दांचा होता आणि त्यात सतरा सनावळ्या होत्या. हा नवशिक्यांचा ठरलेला दोष आहे. कानाने ऐकणारा माणूस एका आख्यानात तीन आकडे धरून ठेवतो, चौथा आला की पहिला सुटतो. म्हणून प्रत्येक आख्यानाला तीनच आकडे दिले आणि ते पदांत बसवले, म्हणजे चालीबरोबर लक्षात राहतात.

वृत्तांची निवड कामाप्रमाणे. प्रवास आणि काळ पुढे सरकतो तिथे ओवी. दानाच्या प्रसंगाला आर्या, कारण तिच्यात संस्कृताचा भारदस्तपणा टिकतो. माणूस एकटा पडला, मन दाटून आले की साकी किंवा दिंडी. खाडी ओलांडून किल्ल्यावर चालून जाण्याच्या प्रसंगाला कटाव. एका श्वासात वाढत जाणारी ती लय ऐकणाऱ्याला पुढे रेटते. राघोजींसाठी पोवाड्याची चाल. कटाव एकाच आख्यानात दोनदा घेऊ नये. दुसऱ्यांदा त्याचा जोर उतरतो आणि तबलजी दमतो.

अष्टमीचे आख्यान एका तरुण कीर्तनकार ताईंनी केले. त्यांचा सूर, म्हणजे गाण्याची पट्टी, काळी चार, आधीच्या दोन बुवांचा काळी एक. ही गोष्ट लहान वाटते, पण एकच तबला घेऊन तीन दिवस भागवायचे असे ठरले होते. काळी एकला लावलेला तबला काळी चारला चढवला तर पुडी ताणून फुटण्याची भीती. दुसऱ्या पट्टीचा तबला आदल्या दिवशी मागवावा लागला. पेटीवाल्याला आठही पदांची सुरावट आठवडाभर आधी लिहून द्यावी. पारंपरिक कीर्तनात तो ऐकून साथ करतो, पण नव्या पदांना ते जमत नाही.

मंडप आणि आवाज

सभामंडपाचा मागच्या जीर्णोद्धारात झालेला सर्वांत मोठा घात म्हणजे भिंतींना छातीपर्यंत लावलेल्या चकचकीत फरश्या. लाकूड आणि चुना आवाज पिऊन घेतात. फरशी तो परत फेकते. शब्द एकमेकांवर चढतात आणि निरूपण तर सगळे शब्दांचेच. फरश्या काढणे शक्य नव्हते. मागच्या भिंतीला मांडववाल्याकडची जाड कनात चुण्या पाडून टांगली, जमिनीवर सतरंज्यांखाली जुन्या गोधड्या घातल्या. एवढ्यानेही फरक पडला.

आधी ध्वनिवाल्याने चार कोपऱ्यांत चार मोठे कर्णे लावले होते. त्यामुळे आवाज मंडपाबाहेर जास्त आणि आत कमी समजायचा. त्याऐवजी दोनच लहान खोके, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा हातभर वर, कीर्तनकाराच्या पुढे आणि श्रोत्यांकडे किंचित कललेले. उभा माइक नारदीय कीर्तनाला अडतो, कारण कीर्तनकार डुलतो, वळतो, दोन पावले नाचतो. कानाला अडकवायचा माइक घेतला. त्यात पहिल्या दिवशी नवा दोष निघाला: झांज छातीशी वाजली की कानठळ्या बसत. झांज कमरेच्या खाली वाजवायची, एवढा सराव बुवांना करावा लागला. पेटी आणि तबला यांना एवढ्या मंडपात माइक लागतच नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते. तिच्याबरोबर नऊही दिवसांची वेळापत्रिका जोडावी, एका दिवसाची नव्हे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असते, तेव्हा अर्जापूर्वी अंतर मोजून घ्यावे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि वर वर्णन केलेली दोन खोक्यांची मांडणी सांभाळायला त्या मानाने सोपी पडते.

चुकले ते

तृतीयेच्या फलकावर ‘इ.स. ९३९’ असे रंगवले गेले. ताम्रपटातला आकडा शकाचा. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवावे लागतात, आणि तिथी पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. कार्तिक आहे, म्हणून १०१७. फलक दुपारी लक्षात आला आणि पुसून पुन्हा रंगवला. ही चूक ठाण्यात जागोजागी दिसते, म्हणून इथे मुद्दाम नोंदवली.

षष्ठीची चूक जास्त गंभीर होती. आख्यानाच्या पहिल्या खर्ड्यात ‘फिरंगी’ आणि ‘ख्रिस्ती’ हे शब्द एकमेकांच्या जागी येत होते. मासुंदा तलावाच्या काठावर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, आणि तिथे जाणाऱ्या जुन्या ईस्ट इंडियन घरांची मायबोली मराठीच आहे. त्यांतली दोन कुटुंबे देवळाच्याच आळीत राहतात, नवमीचा सुंठवडा त्यांच्या घरी जातो. रंगीत तालमीला त्यांतल्या एका आजी येऊन बसल्या होत्या. मध्यंतरात त्या काही बोलल्या नाहीत, उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी विश्वस्त त्यांच्या घरी गेले, खर्डा वाचून दाखवला आणि ओळ न्‌ ओळ तपासली. जिथे सत्तेबद्दल बोलायचे तिथे ‘पोर्तुगीज अंमल’ किंवा ‘फिरंग्यांची शिबंदी’ आले. धर्माचे नाव सगळीकडून निघाले. पूर्वरंगातल्या अभंगात युद्ध ‘अंतर्बाह्य’ आहे, म्हणजे जगाशी आणि मनाशीही. निरूपणात आतल्या लढाईवर जास्त वेळ दिला. आख्यान यामुळे मवाळ झाले नाही, उलट नेमके झाले. षष्ठीला त्या आजी पुढच्या सतरंजीवर होत्या.

अष्टमीच्या मागच्या पडद्यावर चित्रकाराने राघोजींच्या मागे होडी आणि जाळे रंगवले. चेंदणी कोळीवाडा जवळ, त्यामुळे ‘कोळी’ म्हटल्यावर ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खाडी येते. महादेव कोळी मात्र सह्याद्रीच्या डोंगरातले. पडदा कोरा ठेवून फक्त डोंगराची एक रेघ ओढली. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहते तिथे रंगवलेले चित्र आडवेच येते, असे आता सर्वांचेच मत आहे. पुढे पडदा नाही.

आणखी एक. पहिल्या दिवशी मध्यंतरात अर्धा तास सत्कार झाले. नवे आलेले लोक त्याच वेळी उठले. पुढच्या दोन दिवशी मध्यंतरात हार, बुक्का आणि नामगजर एवढेच. ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावे दारातल्या फळ्यावर.

रविवारची फेरी

कीर्तनात ऐकलेल्या जागा पायांखालून जाव्यात म्हणून नवमीनंतरच्या रविवारी फेरी ठेवली. देवळातून निघून मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, चर्च, टेंभी नाक्याच्या बाजूचे ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग आणि शेवटी तुरुंगाची बाहेरची भिंत. वेळ दुपारी साडेचार. शनिवार टाळला, कारण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यूंचा शब्बाथ असतो. रविवारची सकाळ चर्चच्या मिस्सेची. पंचवीसपेक्षा जास्त माणसांचा गट करू नये. टेंभी नाक्याच्या गर्दीत मागच्यांना पुढचे ऐकू येत नाही आणि माणसे रस्त्यावर उतरतात. आत जायची परवानगी प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन, समोरासमोर मागावी. सिनेगॉगमध्ये डोके झाकावे लागते, तेव्हा जास्तीचे रुमाल पिशवीत ठेवावेत. तुरुंगाजवळ फोटो काढायचे नाहीत, घोळका करून थांबायचे नाही. जे सांगायचे ते आधीच्या कोपऱ्यावर सांगावे. तिथे राघोजींबरोबर १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी गेलेले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांचीही नावे घेतली गेली.

सिनेगॉग १८७९ चे. त्याच्या दाराशी सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना नवी होती: त्याच सुमारास बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाने मराठीतून कीर्तने रचायला आणि करायला सुरुवात केली. अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने आणि वृत्ते तीच आपली साकी, दिंडी. म्हणजे ज्या गादीवर हा सगळा प्रयोग उभा होता, ती एका धर्मापुरती कधीच नव्हती. असे कीर्तन देवळात करावे का, अशी चर्चा झाली. ठरले ते असे की ते कुठे आणि कोणी करावे हे त्या समाजाने ठरवायचे. त्यांनी बोलावले तर सतरंज्या देवळाच्या न्याव्यात.

पुढच्या वर्षाची तयारी

तृतीयेला चार सतरंज्या लागल्या, षष्ठीला पाच, अष्टमीला सात आणि मागे उभी माणसे. साडेसहाच्या पारंपरिक कीर्तनांना फार वाढ झाली नाही. अडीचच्या तीन झाल्या. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण अशा प्रयोगाने सगळेच बदलले असे लिहिण्याचा मोह होतो. वाद्यवृंद बंद झाला. कीर्तन बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला.

अडचण आता दुसरीच आहे. आठ नवी पदे बसवायला एका कीर्तनकाराला किमान दोन महिने लागतात आणि बिदागी मात्र एका संध्याकाळचीच मिळते. यापुढे बिदागीचे दोन भाग केले आहेत: रचनेचे मानधन माघात, गादीवरची बिदागी चैत्रात, दोन्ही पाकिटात, श्रोत्यांसमोर नव्हे. आख्यानांच्या संहिता आणि चाली यांची एक प्रत देवळात आणि एक मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्यायची आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये स्थापन केलेल्या त्या संस्थेपेक्षा योग्य जागा ठाण्यात दुसरी नाही. चाली नुसत्या ध्वनिमुद्रित न करता स्वरलिपीतही लिहून ठेवायच्या, कारण पेटीवाला बदलतो.

तीन रकान्यांची वही देवळाच्या कपाटात पंचांगाशेजारी असते. तिच्यात सध्या ‘ऐकीव’चा रकाना सर्वांत भरलेला आहे, आणि दर एकादशीला दुपारी चार ते पाच ती सभामंडपात उघडी ठेवतात. ज्याच्याकडे जुने खत, फोटो किंवा आजीने सांगितलेली गोष्ट असेल त्याने येऊन बसावे. लिहून घ्यायला एक मुलगी असते.